घरून खाऊन येऊ नये

ब्रंच हा शब्द मला बासष्टाव्या वर्षी भेटला आणि पहिल्याच भेटीत त्याने माझी फजिती केली. सुनेचा फोन आलेला. रविवारी ब्रंचला जाऊ या, माजिवड्याला, साडेअकराला. मी हो म्हणालो. न कळलेल्या इंग्रजी शब्दाला हो म्हणायची सवय मला नोकरीपासून आहे. त्या सवयीने मला एक मेमो आणि दोन बदल्या मिळवून दिल्यात. बायकोला म्हटलं, हॉटेलात काहीतरी कार्यक्रम दिसतोय, जेवणाच्या आत सुटेल, तेव्हा पोटभर नाश्ता करून निघू. तिने कांदेपोहे केले. मी दोन बशा खाल्ल्या आणि उरलेली खरवड कढईतूनच संपवली.

हॉटेलात गेलो तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खाणं मांडलेलं. डोसे, आमलेटं, केक, बिर्याणी, सगळं एका ओळीत. मी एक कलिंगडाची फोड घेतली आणि ती चावत बसलो. मुलगा म्हणाला, "बाबा, ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच. दोन्हींच्या ऐवजी एकच. घरून खाऊन यायचं नसतं." सुनेने हसू आवरलं, पण संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरी डोंबिवलीला पोह्यांची बातमी पोचलेली होती.

हा किस्सा मी वर्षभर वर्तकनगरात सांगत फिरलो. आपली फजिती आपणच आधी सांगून टाकावी, म्हणजे लोकांना पाठीमागे सांगायला काही उरत नाही, ही माझी जुनी युक्ती. सांगताना थोडं मीठमसाला लावतो. दोन बशांच्या चार बशा होतात. सोसायटीत माझं नावच तसं पडलंय. मी तोंड उघडलं की लोक आधीच हसायला लागतात. त्याच शब्दाची दुसरी फजिती मात्र मी कुठे सांगत नाही. तिला मीठमसाला लागत नाही.

आमची सोसायटी जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. मी तिचा सेक्रेटरी. कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. सव्वीस जानेवारीला दरवर्षीचा शिरस्ता ठरलेला. साडेआठला झेंडावंदन, नऊला खाली मांडवात उपमा-चहा, मग सगळे घरी, आणि एक वाजता पुन्हा जेवायला खाली. उपमा बायकांनी करायचा, जेवण केटररचं. एकदा वर गेलेली माणसं पुन्हा जेवायला उतरत नाहीत, आणि उपमा करणाऱ्या बायकांना झेंडा दिसत नाही, ही रड दरवर्षीची. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी खाकरून म्हणालो, यंदा ब्रंच करू. साडेदहाला, एकदाच, वडे-जिलेबीपासून पुलावापर्यंत सगळं. पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातली ही एकमेव सूचना, जी एकमताने मंजूर झाली.

नोटीस मीच लिहिली. खाली एक ओळ टाकली आणि तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारली: घरून खाऊन येऊ नये. माजिवड्याच्या कलिंगडाचा सूड होता तो.

आमच्याकडे नोटीस वाचतात सगळे, पाळत कुणीच नाही. जिन्यात चपला ठेवू नयेत, अशी नोटीस चपलांच्या कपाटावर चिकटवलेली आहे. नोटीस पाळणारा एकच माणूस होता, तिसऱ्या मजल्यावरचा टाइमकीपर.

ते कोलशेतच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांची हजेरी मांडायला होते. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर उभे राहिले, तरी यांचं टाइम ऑफिस चालूच. वय अठ्ठ्याहत्तर. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी कल्याणला दिलेली. एकटे राहायचे आणि घड्याळावर राहायचे. आठला पोटात इन्शुलिनचं इंजेक्शन, स्वतःच घ्यायचे. साडेआठला नाश्ता. त्यांच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरची बाई मुलांना शाळेला काढायची. बोलणं जुन्या वळणाचं, शुद्ध. माझ्यासारख्या उडाणटप्पूलाही अहोजाहो.

नोटीस लावत होतो तेव्हा ते दूध घेऊन वर निघालेले. थांबले, चष्मा पुसला, पूर्ण वाचली. मग विचारलं की हा ब्रंच म्हणजे नेमका कोणता प्रकार. मी माजिवड्याचा किस्सा सुरू केला. चार बशा पोहे, एक कलिंगड, सगळं. ते हसले नाहीत.

"म्हणजे साडेआठला काही नाही?" त्यांनी विचारलं.

"साडेआठला झेंडा. पोटात काही नाही."

"माझं आठचं इंजेक्शन असतं हो."

आता इथे कुणीही माणूस थांबला असता. मला विनोद सुचला.

"घ्या की बिनधास्त. इंजेक्शनाने कुठे पोट भरतं?"

त्यांनी मान हलवली. नोटिशीवर सोसायटीचा शिक्का होता, खाली सेक्रेटरीची सही होती. चाळीस वर्षं शिक्क्याचे कागद सांभाळलेला माणूस. वर निघून गेले.

सव्वीसला ते सव्वाआठलाच खाली, पांढरा शर्ट, वर स्वेटर, खिशाला छोटा कागदी झेंडा. झेंडावंदन झालं. मग मी भाषण केलं. भाषण दहा मिनिटांचं होतं, पण लोक हसायला लागले की मला थांबता येत नाही. साडेनऊ वाजले. केटररला फोन लावला, तो म्हणाला टेम्पो निघालाय. दहाला फोन लावला, तेव्हाही टेम्पो निघालाच होता.

खुर्च्यांमधून फिरत होतो तेव्हा पाहिलं, टाइमकीपरांनी स्वेटर काढून मांडीवर ठेवलेला आणि खिशातून ग्लुकोज बिस्किटांचा छोटा पुडा बाहेर काढलेला. कोपरा फाडायला नखाने चाचपडत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"साहेब, ठेवा ते. दहा मिनिटांत गरम वडे येतायत. बिस्किटांनी पोट भरलंत तर माझ्यासारखं कलिंगड खात बसाल."

आजूबाजूचे हसले. त्यांनी पुडा खिशात ठेवला. त्या वेळी त्यांचा हात गार आणि ओला लागला होता, हे मला आठवतं. जानेवारीत. मला वाटलं, नळावर हात धुऊन आलेत.

साडेदहाच्या पुढे त्यांनी शेजारच्याला विचारलं, किती वाजले. पाचेक मिनिटांनी पुन्हा विचारलं. मनगटावर घड्याळ होतं. माझ्या हातात माइक होता, टेम्पो येईपर्यंत लोकांना रमवायचं काम माझ्याकडेच होतं. मी माइकवरून म्हणालो, "बघा मंडळी, केटररने काय वेळ आणलीय. टाइमकीपरच वेळ विचारतायत." त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला मिळाला. ते माझ्याकडे बघत होते. रागावलेत असं वाटलं. त्यांच्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते आणि मान एका बाजूला कलत होती. मग ते प्लास्टिकच्या खुर्चीसकट डाव्या अंगावर पडले.

तळमजल्यावर एक नर्सबाई राहते, ती धावली. दातखीळ बसलेली, तोंडात काही घालू नका म्हणाली. रिक्षात त्यांना आडवं घालून मी आणि ती निघालो, तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत आला. जिलेबीचा वास रिक्षात भरला आणि नाक्यापर्यंत टिकला.

कॅज्युअल्टीत डॉक्टरने विचारलं, यांनी इंजेक्शन घेतल्यावर काही खाल्लं होतं का. नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, एकटेच राहतात हो, कळायला मार्ग नाही.

पहिलं खोटं असं सहज गेलं. त्याला खोटं म्हणावं असंही मला त्या घटकेला वाटलं नाही.

ते वाचले. शिरेतून साखर गेल्यावर डोळे उघडले, पण दोन दिवस बोलणं अडखळत होतं. उजवा पाय थोडा ओढू लागले. मुलगी कल्याणहून दुपारीच आलेली. पन्नाशीची, शाळेत क्लार्क, नवऱ्याची पाठीच्या दुखण्याने नोकरी सुटलेली, घरात सासू अंथरुणावर. ती रडली नाही. तिने बापाच्या शर्टाचे खिसे रिकामे केले आणि बिस्किटांचा पुडा हातात धरून बसली. एक कोपरा फाटलेला, बिस्किटं शाबूत.

"काका, खिशात होती," ती मला म्हणाली. "खिशात असून यांना खायचं सुचलं नाही. आमच्या पप्पांनी आयुष्यात कधी नाश्ता चुकवलेला नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा इंजेक्शन घेऊन दोन घास खाल्लेले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेलो, तेव्हा ते उशीला टेकून बसलेले. मुलगी त्यांना तेच विचारत होती, पप्पा, खाल्लं का नाही, पप्पा, विसरलात का. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बोट नेमकं माझ्याकडेच होतं.

"यांनी सांगितलं," ते म्हणाले. "खाऊ नका म्हणून. बिस्किटंपण ठेवायला लावली."

मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटची बायकोही बघायला लागली. मला त्या क्षणी जे काही सुचायला हवं होतं ते आजही रोज सुचतं. तेव्हा सुचलं ते हे:

"अगं, साखर उतरली की माणूस काहीही बोलतो. मी कशाला सांगेन, मी काय डॉक्टर आहे?"

आणि हसलो. माझं हसणं सांसर्गिक आहे. पलीकडची बाईही हसली. मुलीने मान डोलावली आणि बापाचं ते बोट हातात घेऊन हळूच चादरीवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधीच कुणापुढे काढली नाही.

घरी आलो. नोटीस बोर्डावरची ती नोटीस काढली. कार्यक्रम झाला की नोटीस काढायचीच असते. फाडली मात्र नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. फाडायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि दाखवायचंही नव्हतं.

पुढच्या सगळ्याला सुरुवात माझ्या त्या वाक्यापासून झाली. मुलीने डॉक्टरला सांगितलं की पप्पा खायचं विसरले, वर भलत्या माणसाचं नाव घेतायत. डॉक्टरने डोकं तपासायला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. सोबत कुणीतरी हवं म्हणून मीच गेलो, इतका मी उपकारी. त्या डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, आजोबा, घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. टाइमकीपरांनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "कोणत्या शिफ्टचे?" बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी गोल काढला, हात थरथरत होता, आकडे एका बाजूला गोळा झाले. काटे मात्र बरोबर होते. मी ओरडून सांगायला हवं होतं की बाई, या माणसाच्या कारखान्यात अकरा दोनदा वाजायचे आणि दोन्ही वेळेची माणसं वेगळी असायची. मी खुर्चीत बसून होतो.

मुलीचं मत फेब्रुवारीत पक्कं झालं. बापाला एकटं ठेवता येणार नाही. तिच्या कल्याणच्या दोन खोल्यांत चौथी खाट मावत नाही. मुरबाड रोडला एक वृद्धाश्रम आहे, तिथे नर्स रोज इंजेक्शन देते. टाइमकीपर एवढंच म्हणाले की मी माझ्या घरी ठीक आहे. ते तिने ऐकलं नाही. विसरणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं. एकदा जिन्यात तिने मला पेढ्यांचा पुडा दिला. तुम्ही वेळेवर नेलंत म्हणून पप्पा राहिले, काका. मी पेढे घेतले. घरी बायकोने विचारलं, कसले. मी म्हटलं, सोसायटीचे. दोन मीही खाल्ले.

बायकोला शेवटी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाजी चिरायचं थांबवलं नाही. म्हणाली, "वर जा आणि तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?" मी त्या महिन्यात चारदा वर गेलो. एकदा मेंटेनन्सची पावती देऊन आलो, एकदा नळाची वॉशर बघून आलो. एकदा त्यांच्या दारात उभा राहून बेल न वाजवता परत आलो. चौथ्यांदा त्यांनीच दार उघडलं आणि साखळी न काढता फटीतून विचारलं, "काही सांगायचं होतं?" मी विचारलं, पाणी येतंय ना.

नेण्याचा दिवस रविवार होता. सकाळी मी ड्रॉवरमधून नोटीस काढली आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. दारात दोन बॅगा, एक गुंडाळलेली सतरंजी. ते आत खुर्चीवर बसलेले, तोच पांढरा शर्ट. मुलगी गॅसचा पाइप बंद करत होती. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इंजेक्शनाचा विनोद, हातावर ठेवलेला हात, बिस्किटं, हॉस्पिटलातलं खोटं. माझ्या आयुष्यात एवढं सरळ मी कधी काही सांगितलं नव्हतं. मीठमसाला नाही, चार बशा नाहीत. सांगून झाल्यावर नोटीस पुढे केली.

तिने ती वाचली. लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"काका, ही तर सगळ्या बिल्डिंगला होती," ती म्हणाली. "डायबेटिस इथे आणखी चार जणांना आहे. ते खाऊनच आले ना?"

"ते नोटीस पाळत नाहीत गं. हे पाळतात."

"आणि बिस्किटांचं आत्ता आठवलं?"

"तेव्हाच आठवत होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही तोंडात मारणार. मारायला हवं होतं. तिने नोटिशीची घडी घातली आणि मला परत दिली.

"पप्पांनी जाऊ नये म्हणून बोलताय, कळतंय मला. फार चांगले आहात तुम्ही. पण तुमच्या गोष्टी आम्हाला काय आज माहीत आहेत का, काका."

मी शपथ घेतली. मुलाची घेतली, बायकोची घेतली. प्रत्येक शपथेबरोबर तिच्या चेहऱ्यावरची दया वाढत गेली. माझ्या खोट्यावर तिने एका वाक्यात विश्वास ठेवला होता. शेवटी ती दमल्यासारखी म्हणाली की समजा तुमचं खरं असलं, तरी आता तिथे खाट मिळालीय आणि गेल्या महिन्यात मी एक रात्र झोपलेली नाही. बॅग उचलून ती खाली रिक्षा बघायला गेली.

खोलीत आम्ही दोघे उरलो. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले:

"हॉस्पिटलात मी वाट बघत होतो. तुम्ही बोलाल म्हणून."

"चुकलो मी, साहेब."

"हजेरी मांडताना उशीर झालेल्या माणसालाही आत घ्यायचो मी. अर्धा तास उशीर, तास उशीर." ते उठले, ओढणारा पाय आधी पुढे टाकला. "दीड महिन्याने कुणी येत नसे."

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी दाराची चौकट धरली.

आता मी दर रविवारी जातो. कल्याणहून मुरबाडची पहिली एसटी पकडतो. बाकीचे दिवस तिथे सगळं वेळेवर असतं, पण रविवारी स्वयंपाकाची बाई उशिरा येते म्हणून नाश्ता आणि जेवण मिळून एकदाच देतात, साडेदहाला. तोवर चहा आणि दोन टोस्ट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर ते वेळापत्रक दोनदा वाचलं. इंजेक्शन द्यायला नर्स आठलाच येते. ऑफिसात मी तक्रार केली. ते म्हणाले, आजोबा, टोस्ट देतो ना आम्ही, आजवर काही झालेलं नाही.

म्हणून मी डबा घेऊन जातो. पोहे, कधी उपमा, बायको पहाटे उठून करते. साडेआठच्या आत त्यांच्या खाटेशी पोचतो. एकदा एसटी उशिरा आली, मी पावणेनऊला धापा टाकत पोचलो. ते घड्याळाकडे बघत बसले होते. डबा घेतला, सगळा खाल्ला, धुऊन परत दिला. दर रविवारी असंच होतं. खाताना ते बोलत नाहीत आणि खाऊन झाल्यावर खिडकीकडे तोंड करून बसतात.

गेल्या रविवारी शेजारच्या खाटेवर नवीन आजोबा आलेले. बडबडे, माझ्यासारखे. भिंतीवरच्या वेळापत्रकाखाली तिथल्या कुणा पोरीने हौसेने स्केचपेनने लिहिलंय, संडे ब्रंच. त्या आजोबांनी ते मोठ्याने वाचलं आणि टाइमकीपरांना विचारलं, हे ब्रंच काय असतं हो?

टाइमकीपरांनी घास गिळला, रुमालाने तोंड पुसलं.

"त्यांना विचारा," ते म्हणाले. "ते छान सांगतात."

नवीन आजोबा माझ्याकडे वळले, आधीच हसायच्या तयारीत. मी डब्याचं झाकण शोधत राहिलो. ते माझ्या हातातच होतं.